काळी रिबन

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी धुळ्यात वारले.

तसं अचानक नव्हतं ते. आदल्या रात्रीच दादाचा मेसेज आला होता : 'उद्या तू डेड आहेस. जुना ड्रेस घाल. नाश्ता करून ये, उठायला उशीर होईल.' दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बीएएमएस झालेला, गेली बरीच वर्षं ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर. मी पुण्याहून वीकेण्डला मावशीकडे आले होते, तीही खरं सांगायचं तर भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या आशेनं. (हिवाळ्यातलं खान्देशी भरीत ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.) दादा नाइट ड्युटीवर, त्यामुळे भेट नाहीच, नुसते मेसेज. त्यांच्याकडे ट्रेनिंग होतं. मोठा अपघात झाला, एकदम तीस-चाळीस माणसं जखमी झाली, तर ॲम्ब्युलन्सवरच्या लोकांनी काय करायचं, याचं. आणि पेशंट कमी पडत होते. फ्रीलान्सरला कुणी कामाला बोलावलं की ती नाही म्हणत नाही. मग काम मरायचं का असेना!

गावाबाहेरचं मोकळं मैदान. एक जुनी स्कूलबस तिरपी लावलेली. ती आडवी पाडायचं बजेट नव्हतं. तिच्यापुढे पाण्याचा टँकर, त्यावर कागद चिकटवलेला : 'केमिकल'. आम्ही एकतीस जखमी. निम्मी कॉलेजची मुलं, काही होमगार्ड, एक रिटायर्ड गुरुजी आणि मी. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. त्यावर तुमची तब्येत लिहिलेली. शेजारच्या मुलाचं कार्ड होतं, 'उजवा पाय फ्रॅक्चर, श्वास मिनिटाला २४, मनगटाची नाडी लागते, सांगितलेलं कळतं.' माझ्या कार्डावर दोनच ओळी होत्या. 'श्वास नाही. मान सरळ करून श्वासनलिका मोकळी केली तरी श्वास नाही.'

मेकअप म्हणून रूह अफजात मैदा कालवून रक्त केलेलं. आयडिया सॉलिड, पण दहा मिनिटांत मुंग्या आल्या. मेलेल्या माणसाला मुंगी झटकता येत नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

पहिल्या फेरीत माझ्यापाशी नर्सिंगची एक मुलगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. गुडघ्यावर बसली, हनुवटी धरून माझी मान मागे केली, कान माझ्या नाकाशी आणला. आणि नेमकं तेव्हाच मला हसू फुटलं. "माय वं, हाई ते हासी राहिनी!" ती अहिराणीत ओरडली. सगळं मैदान हसलं. मग तिनं कार्ड वाचलं, हसू आवरलं, कमरेच्या पिशवीतून काळी रिबन काढून माझ्या मनगटाला बांधली आणि उठून पुढे गेली.

बस्स. एवढंच. मला वाटलं होतं, ती छाती दाबेल, निदान कुणाला तरी हाक मारेल. सिनेमात मारतात ना, 'डॉक्टर, डॉक्टर' अशी. ती गेली शेजारच्या फ्रॅक्चरवाल्याकडे. त्याला पिवळी रिबन.

आता मी चाळीस मिनिटं मेलेलीच आहे, तर तोवर या रिबनींचं सांगते.

या प्रकाराला म्हणतात ट्रायेज. फ्रेंच शब्द, अर्थ निवडणं, वेगवेगळं करणं. आधी तो लोकरीसारख्या मालाच्या निवडीसाठी वापरत. नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा सर्जन होता, त्यानं जखमींच्या बाबतीत हा नियम आणला : ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्यावर आधी उपचार, मग तो सरदार असो की शिपाई, आपला असो की शत्रूचा. आज जगभर शिकवली जाणारी एक सोपी पद्धत कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या फायर ब्रिगेडनं आणि तिथल्या होग हॉस्पिटलनं १९८३ मध्ये बसवली. तिचं नाव 'स्टार्ट'. ती डॉक्टरलाच जमेल असं नाही. नीट शिकवली तर होमगार्डलाही जमते.

ट्रेनिंग घेणाऱ्या मॅडमनी ती एका दमात सांगितली होती. आधी मोठ्यानं ओरडायचं, "ज्यांना चालता येतं त्यांनी त्या झाडाखाली या!" जे उठून आले ते हिरवे. त्यांना लागलेलं असेल, पण ते थांबू शकतात. मग जे उरले त्यांच्याकडे जायचं. श्वास नाही? श्वासनलिका मोकळी करा. तरीही नाही? काळा. श्वास आला? लाल. श्वास मिनिटाला तीसच्या वर? लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात? लाल. 'माझा हात दाबा' म्हटलं आणि कळलं नाही? लाल. या सगळ्यातून पास झाला पण चालता येत नाही, तो पिवळा. एका माणसाला अर्धं मिनिट, फार तर एक. मधे दोनच उपचारांना परवानगी : श्वासनलिका मोकळी करणं आणि वाहतं रक्त थांबवणं. बाकी काही नाही. सलाइन नाही, छाती दाबणं नाही, धीर देत बसणं नाही.

आमच्या घरी केळी आहेत. रावेर-सावद्याकडे घड उतरला की माल निवडणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. नजर टाकतो, फणी उचलतो, ही वरच्या मालात, ही खालच्या. त्याचा हात थांबत नाही. लहानपणी मला त्याचं फार अप्रूप होतं. मॅडम माणसांच्या बाबतीत तोच हात मागत होत्या आणि मैदानावर सगळ्यांचे चेहरे पडले होते. कुणीतरी विचारलंच, "मॅडम, तो पेशंट आपला पाय धरून ठेवेल तेव्हा काय करायचं?" मॅडम म्हणाल्या, "सोडवायचा. त्याचीच तर प्रॅक्टिस करायला आलोय आपण."

मग त्यांनी एक वाक्य फळ्यावर लिहायला लावलं. ओरडणारा पेशंट श्वास घेतोय; गप्प आहे त्याच्याकडे आधी जा.

मी दादाकडे पाहिलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता. किंवा लिहितोय असं दाखवत होता.

ही गोष्ट त्यानं घरी एकदाच सांगितली आहे. जॉबला लागून वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. हायवेवर काळी-पिवळी आणि ट्रक. जागा लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. अकरा जखमी, ॲम्ब्युलन्स एक, तिच्यात हा आणि ड्रायव्हर. गाडी थांबताक्षणी लोकांनी त्याला हाताला धरून एका तरुणाकडे नेलं. मांडीचं हाड मोडलेलं, किंकाळ्या. लोक म्हणाले, याला आधी घ्या. दादानं घेतलं. सोबत आणखी एकाला घेतलं आणि सायरन वाजवत गाडी निघाली. निंबाच्या झाडाला टेकून एक बाई बसली होती. तिला पाहिल्याचं त्याला आठवतं. ओरखडासुद्धा नव्हता, दमल्यासारखी बसली होती. दुसरी गाडी आली तोवर ती गेलेली होती. पोटात रक्तस्राव.

"मी तिचा हात जरी धरला असता ना तायडी, तर नाडी लागली नसती मनगटाला. दहा सेकंदांचं काम होतं." एवढं बोलून तो ताटावरून उठला होता.

त्याची चूक होती का? कॉलेजात त्याला एका पेशंटवर उपचार करायला शिकवलं होतं. अकरा पेशंट, दोन माणसं आणि भोवती शंभर लोक हा वेगळाच विषय आहे, आणि तो त्याच्या कुठल्याच पेपरला नव्हता. माझं मत विचाराल तर चूक त्याला तसं एकटं पाठवणाऱ्या व्यवस्थेची. पण ते मी पुण्यात बसून म्हणते. तो तिथे उभा होता.

आपल्याकडे गंमत अशी, की 'पॅरामेडिक' म्हणजे नेमकं कोण हेच अनेक वर्षं धड ठरलेलं नव्हतं. लॅबवाला, एक्स-रेवाला, ड्रेसर, सगळ्यांना हाच एक शब्द. हैदराबादला २००५ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली ती खास ट्रेनिंग दिलेल्या टेक्निशियन मुला-मुलींच्या जिवावर. महाराष्ट्रात १०८ आली २०१४ च्या जानेवारीत, ९३७ गाड्या घेऊन, आणि आपण गाडीत डॉक्टरच बसवला. बहुतेक आयुर्वेदाचा नाही तर होमिओपॅथीचा. म्हणजे इतर देशांत जे काम पॅरामेडिक करतो ते इथे डॉक्टर करतो, पण पॅरामेडिकला जे आधी शिकवतात ते त्याला नोकरीला लागल्यावर शिकावं लागतं. २०२१ चा केंद्राचा कायदा आला, त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून यादीत आला. यादीत येणं ही चांगली गोष्ट. पण रिबन बांधता येणं ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती दर काही महिन्यांनी पुन्हा केली नाही तर हात विसरतात.

तुम्ही म्हणाल, रोज कुठे असे अपघात होतात? रोज नाही होत. पण आमच्या दोन जिल्ह्यांचं अलीकडचंच सांगते.

३१ ऑगस्ट २०१९. शिरपूरजवळ वाघाडी. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला केमिकल फॅक्टरीत स्फोट. किमान तेरा मृत्यू, जखमी त्याच्या कितीतरी पट. शिरपूरहून धुळे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. अशा ठिकाणी पहिला धडा उपचारांचा नसतोच, वाऱ्याचा असतो. वारा पाठीवर घेऊन जायचं, चढाच्या बाजूनं जायचं, लांब थांबायचं. आमच्या मैदानावर टँकरवर 'केमिकल' लिहिलेलं असूनही पहिल्या फेरीत एक गाडी थेट टँकरच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. मॅडमनी शिट्टी वाजवली आणि ड्रायव्हरसकट तिघांना काळ्या रिबनी बांधल्या. "तुम्ही आता पेशंट. झोपा." टोकियोच्या मेट्रोत १९९५ मध्ये विषारी वायू सोडला तेव्हा हजारो लोक ॲम्ब्युलन्सची वाट न बघता चालत, टॅक्सीनं हॉस्पिटलात पोचले होते आणि त्यांच्या कपड्यांवरच्या विषाचा त्रास तपासणाऱ्यांना झाला होता, हे त्या वेळी त्यांनी सांगितलं.

४ जुलै २०२३. पळासनेर, मुंबई-आग्रा हायवे. ब्रेक फेल झालेला कंटेनर गाड्यांना उडवत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान दहा मृत्यू. अशा वेळी ज्यांना चालता येतं ते मिळेल त्या जीपनं आधी निघतात आणि जवळच्या हॉस्पिटलात गर्दी करतात. मागून खरा लाल पेशंट येतो तेव्हा तिथे खाट नसते. म्हणून कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवणारा एक माणूस जागेवर उभा लागतो. तो पेशंटला हात लावत नाही. त्याच्या हातात फक्त वही असते.

आणि २२ जानेवारी २०२५. हा दिवस जळगावकर विसरणार नाहीत. लखनौहून मुंबईला चाललेली पुष्पक एक्स्प्रेस, पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे या दोन छोट्या स्टेशनांच्या मधे. डब्यात आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. वळणामुळे नीट दिसलं नाही. आधी बारा आणि मग तेरा मृतांचा आकडा आला. भुसावळहून रेल्वेची मेडिकल व्हॅन निघाली, रस्त्यानं ॲम्ब्युलन्स पाठवल्या गेल्या, जखमींना पाचोऱ्याला आणि जळगावला नेलं. मी त्या संध्याकाळी पुण्यात लॅपटॉपवर एका हॉटेलचा रिव्ह्यू लिहीत होते. घरच्या ग्रुपवर आईचा एकच मेसेज, 'आपलं कुणी नव्हतं ना गाडीत?' आपलं कुणी नव्हतं. मरणाऱ्यांत नेपाळची माणसं होती.

दादा तिथे नव्हता. पण मॅडमनी ट्रेनिंगमध्ये पुष्पकचंच उदाहरण घेतलं. रुळावर पाय ठेवण्याआधी दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्यात याची खात्री कोण करणार? ॲम्ब्युलन्सचा रस्ता जिथे संपतो तिथून जखमी आणायचे कसे, किती माणसं लागतील? आणि हे सगळं कंट्रोल रूमला कोण सांगणार? पहिल्या गाडीनं. जगभर हाच नियम आहे, आणि तो ऐकायला भयंकर वाटतो. पहिली ॲम्ब्युलन्स पेशंट घेऊन जात नाही. ती थांबते. मोठी घटना आहे का, नेमकी जागा कुठली, काय झालंय, धोका काय, यायचा रस्ता कुठून, अंदाजे किती जखमी, कोण कोण मदत आली आणि कोण अजून हवंय, एवढं वायरलेसवर किंवा फोनवर सांगते. मग पुढच्या गाड्या शहाणपणानं येतात. पहिली गाडी दोघांना घेऊन पळाली, तर उरलेल्या एकोणतीस जणांचं काय झालंय हे कुणालाच कळत नाही.

आता हे लोकांना कसं पटवायचं, सांगा. आमच्या मैदानावर दहा-बारा मुलांना 'पब्लिक'चं काम दिलं होतं. ती इतकी रंगात आली की विचारू नका. दादा पहिल्या गाडीचा प्रमुख होता, फोनवर जखमींचा आकडा सांगत होता, आणि एकानं त्याची कॉलर धरली. "इकडे माणूस मरून राहिला अन् तू फोनवर बोलतो?" माझे डोळे मिटलेले, पण आवाज ऐकू येत होता. दुसरा म्हणाला, "फोडा रे गाडी." खोटं खोटं. तरी माझ्या पोटात गोळा आला, कारण आवाज अगदी खरा होता. असे आवाज मी खरे ऐकले आहेत. तुम्हीही ऐकले असतील. कदाचित त्यातला एक आपलाही असेल.

दादानं कॉलर सोडवली नाही. म्हणाला, "भाऊ, बरं झालं आलात. तुमच्यासारखे चार धिप्पाड मला हवेतच. तो हिरव्या शर्टवाला पोरगा दिसतो? स्ट्रेचर घ्या, मी सांगतो तसं उचला." मुलगा गोंधळला, आणि स्ट्रेचर उचलायला गेलासुद्धा! चिडलेल्या माणसाला काम द्या, हे मॅडमनी शिकवलंच होतं. शेजारी पडलेले गुरुजी हळूच म्हणाले, "वर्गातही हेच करायचो आम्ही."

(जाता जाता, गाडी चालवणाऱ्या सगळ्यांसाठी. अपघातातल्या जखमीला हॉस्पिटलात नेलं तर पोलिसांचं झेंगट मागे लागेल ही भीती आता सोडा. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातच आलं. नाव सांगायचं की नाही हेसुद्धा तुमच्या मर्जीवर.)

दुपारच्या फेरीआधी लहान मुलांचं वेगळं शिकवलं. मला ते ऐकताना सगळ्यात जास्त त्रास झाला आणि सगळ्यात जास्त बरंही वाटलं. मोठ्या माणसाचा श्वास थांबला आणि श्वासनलिका मोकळी करूनही आला नाही, तर काळी रिबन. पण मुलांचं तसं नाही. मुलांचा बहुतेक वेळा श्वास आधी थांबतो, हृदय थोडा वेळ चालू असतं. म्हणून मायामीतल्या लू रोमिग नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९९५ मध्ये मुलांसाठी वेगळा नियम केला. नाडी लागत असेल तर पाच वेळा तोंडानं श्वास द्यायचा. फक्त पाच. आला तर लाल, नाही आला तर पुढे जायचं. एवढ्या निर्दय कामात कुणीतरी पाच श्वासांची जागा करून ठेवली, याचं मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही.

मैदानावर पोरं नव्हती म्हणून बाहुल्या होत्या. एका आडदांड ड्रायव्हरनं बाहुलीला पाच श्वास दिले, मान वर केली आणि विचारलं, "सहावा दिला तर चालंल का हो?" मॅडम काहीच बोलल्या नाहीत. तो उठला आणि पुढच्या बाहुलीकडे गेला.

दुसऱ्या फेरीत मी पुन्हा डेड. कार्ड तेच, मुंग्या त्याच. या वेळी रिबनी दादाकडे होत्या.

तो येतोय हे मला बुटांवरून कळलं. गुडघा टेकला. मान मागे केली. त्याचा कान माझ्या नाकाशी आला, आणि मी श्वास रोखून धरला, अगदी मनापासून. मला हसू आलं नाही. त्याला तंबाखूचा वास येत होता, म्हणजे सोडली म्हणून मावशीला सांगतो ते खोटं आहे. कार्ड वाचल्याचा आवाज. मग मनगटाला रिबन, घट्ट, दोन गाठी. आणि बूट पुढे गेले. माझ्या पलीकडे एक मुलगी बसकण मारून गप्प बसली होती, तिच्या कार्डात नाडी लागत नव्हती. "ताई, माझा हात दाबा," दादाचा आवाज. मग कात्रीचा आवाज. मी डोळे किलकिले केले. लाल रिबन होती.

संध्याकाळी हिशेब झाला. पहिल्या फेरीत सात लाल असायला हवे होते, निघाले अकरा. भीतीपोटी हात लालकडे जातो, हे मॅडमना अपेक्षितच होतं. दुसऱ्या फेरीत आठ निघाले. पहिल्या फेरीत एकतीसपैकी तीसच पेशंट सापडले होते. एक हिरवा झाडाखालून उठून चहा प्यायला गेला होता, आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, खऱ्या अपघातात तो घरी जातो, रात्री डोकं दुखतं म्हणून झोपतो आणि सकाळी उठत नाही. हिरव्यांनाही परत परत तपासा.

धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ आहे, दुसरा नागपुरात. शहरात मेडिकल कॉलेज आहे, जळगावातही २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. माणसं आहेत, गाड्या आहेत, आणि २००७ पासून एकदम अनेक जखमी झाल्यावर काय करायचं याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. २०२७ मध्ये शेजारच्या नाशिकला सिंहस्थ आहे, तिथे २००३ मध्ये काय झालं होतं ते आठवत असेल तुम्हाला : चेंगराचेंगरी, ३९ मृत्यू. या मैदानावर त्या दिवशी जेमतेम चाळीस जण शिकायला होते. रजा टाकून आलेले, काही जण रात्रपाळी करून. पुढचं ट्रेनिंग कधी, असं मी विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही. रिबनीसुद्धा दादानं जळगावच्या फुले मार्केटमधून स्वतःच्या पैशानं आणल्या होत्या, राखी-गिफ्टच्या दुकानातून, घासाघीस करून.

परत येताना बाइकवर तो बराच वेळ गप्प. मग मान न वळवता म्हणाला, "किती वेळ थांबलो मी तुझ्यापाशी?"

"मोजलं नाही. डेड होते ना."

"चौदा सेकंद. मॅडमनी घड्याळ लावलं होतं."

"मग? चांगलं की वाईट?"

"पलीकडची लाल होती. दहात निघायला पाहिजे होतं."

घरी मावशीनं भरिताचं ताट पुढे केलं आणि माझं मनगट दिसल्यावर परत मागे घेतलं. आधी हे काळं काढ, म्हणाली. दादाच्या दोन गाठी सुटता सुटेनात, शेवटी तिनंच विळीवर कापली रिबन, पुटपुटत. मग दादाच्या पिशवीत डोकावली, आत उरलेली रिळं पाहिली आणि त्याच्यावर उखडली, "बहिणीला बांधायला हिरवी नव्हती का रे तुझ्याकडे?"